सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला आणि जागतिक बाजारपेठ

कात्री कायमची गेली आणि माझी कंपनी बुडाली.

हे वाक्य वाचलं असेल तर कृपया विसरून जा. आमच्या घरी वस्तूच्या बाबतीत 'गेली' हा शब्द चालत नाही. वस्तू एकतर जागेवर असते, नाहीतर बाहेर असते. तिसरी अवस्था माणसांना असते, वस्तूंना नाही. तेव्हा अजून काहीच घडलेलं नाही, कात्री फक्त बाहेर आहे, आणि हवाई व संरक्षण क्षेत्रातल्या सॉफ्टवेअरच्या जागतिक बाजारपेठेत मी कधी पाऊलही टाकलेलं नाही, असं धरून चालू.

आमची आई विमान दुरुस्तीच्या कारखान्यात भांडारप्रमुख. विमानं ती दुरुस्त करत नाही. दुरुस्त करणाऱ्यांना पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर देते आणि संध्याकाळी परत घेते. ऐकायला सोपं वाटतं. पण एखादा पाना विमानाच्या पोटात राहिला आणि विमान उडालं, तर तो कुठे जाऊन अडकेल हे त्या पान्यालाही माहीत नसतं. म्हणून तिच्या भांडारात भिंतभर फळा आहे. फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, आकृतीच्या डोक्यावर एक खिळा. प्रत्येक माणसाला आपल्या नंबरचे दहा पितळी बिल्ले मिळतात. हत्यार नेलं की त्याच्या खिळ्यावर आपला बिल्ला लावायचा, परत आणलं की काढून घ्यायचा. एकाही खिळ्यावर बिल्ला लटकत असेल तर विमान हलत नाही. आईचा नंबर सत्तेचाळीस. एकतीस वर्षांत तिचं एकही हत्यार हरवलेलं नाही. एकदा एका साडेतीन इंची स्क्रू ड्रायव्हरपायी तिनं अख्खं विमान अकरा तास उभं करून ठेवलं होतं. स्क्रू ड्रायव्हर शेवटी कारागिराच्या कानामागे सापडला.

अशी बाई घरी येऊन वेगळी कशी वागणार? आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पळी, उलथणं, किसणी, सोलाणं, पक्कड आणि कात्री यांच्या आकृत्या काळ्या रंगात काढलेल्या आहेत. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला वाटतं की इथे एखादा गुन्हा झालाय आणि पोलीस येऊन रेघा मारून गेलेत. घरचे बिल्लेही ठरलेले. बाबांचा म्हणजे जुन्या सुटकेसची किल्ली, माझा म्हणजे कोटाचं बटण, ताईचा म्हणजे केसांची निळी क्लिप.

दोन वर्षांपूर्वी ताई नोकरीसाठी परदेशी गेली. निघायच्या घाईत खोक्याला चिकटपट्टी लावता लावता तिनं कात्री खोक्यातच टाकली आणि निळी क्लिप डोक्याला लावून निघून गेली. संध्याकाळी आईनं भिंत पाहिली. कात्रीची आकृती रिकामी, खिळा रिकामा. दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यातून आपला दहावा बिल्ला घरी आणला आणि कात्रीच्या खिळ्यावर लावला. नेणारा नोंद न करता गेला की हत्याराची जबाबदारी भांडारप्रमुखाची, असा तिचा नियम. तेव्हापासून तो तिथेच लटकत होता.

आणि आता आई महिनाअखेरीला निवृत्त होणार होती. शेवटच्या दिवशी दहाही बिल्ले मोजून परत द्यायचे. नऊ कारखान्यात होते. दहावा दिला नाही, तर सेवापुस्तकात शेवटची ओळ पडणार होती, 'एक बिल्ला गहाळ'. एकतीस वर्षांची कोरी पाटी आणि त्यावर ही ओळ.

"मग काढ की खिळ्यावरून," बाबा म्हणाले. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. जग आपल्या जागी आहे यावर त्यांचा विश्वास आहे.

"कात्री आली का?"

"नाही."

"मग बिल्ला कसा निघेल?"

"माझी किल्ली लाव त्या जागी."

"कात्री तुम्ही नेलीत?"

"मी कशाला नेऊ?"

"मग तुमची किल्ली लावणं म्हणजे खोटी नोंद. ज्यानं नेलं त्यानंच लावायचं, आणि स्वतःच्या हातानं."

बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. आमच्या घरी वाद हरल्याची ती अधिकृत खूण आहे.

इथे माझा प्रवेश होतो. मी सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे त्या काळात मी दोन नोकऱ्यांच्या मधे होतो. पहिली सुटली होती आणि दुसरीला मी अजून सापडलो नव्हतो. थोडक्यात मी बाहेर होतो आणि माझ्या खिळ्यावर कुणाचाच बिल्ला नव्हता. मी म्हटलं, यात अवघड काय आहे? आपण फोनवर चालणारा फळा बनवू. ताई तिकडे बसून, स्वतःच्या बोटानं, 'कात्री माझ्याकडे आहे' हे बटण दाबेल. नोंद खरी, हात तिचा, बिल्ला मोकळा.

चार दिवसांत सॉफ्टवेअर तयार झालं. नाव ठेवलं 'जागेवर'. त्यात सव्वीस वस्तू, चार माणसं आणि एक भोंगा होता. वस्तूला कुणी धनी उरला नाही की भोंगा वाजायचा. भोंग्याची काही गरज नव्हती, पण वेळ होता.

आईनं चष्मा लावून ते दहा मिनिटं पाहिलं.

"बरं आहे. तपासलं कुणी?"

"मीच."

"बनवलं कुणी?"

"मीच."

"आमच्याकडे बनवणाऱ्यानंच 'बरोबर आहे' म्हटलं तर त्याला चहासुद्धा मिळत नाही. बाहेरच्या कुणीतरी म्हणायला हवं."

आता स्वयंपाकघरातल्या कात्रीच्या सॉफ्टवेअरला बाहेरचं कोण मान्यता देणार? या प्रश्नाचं उत्तर आमच्या खालच्या मजल्यावर राहतं. त्यांना सगळे फॉर्मकाका म्हणतात. आयुष्यभर कुठल्याशा कचेरीत दुसऱ्यांचे फॉर्म तपासत होते, आता निवृत्तीनंतर आवड म्हणून भरून देतात. त्यांचं एकच तत्त्वज्ञान आहे. फॉर्ममध्ये रिकामी जागा सोडायची नाही, आणि 'नाही' हा शब्द लिहायचा नाही.

"रिकामी जागा म्हणजे उघडं दार," ते म्हणाले. "आणि 'नाही' लिहिलं की समोरच्याला वाटतं, या माणसाकडे काहीच नाही. 'सध्या नाही' लिहावं. कसं भारदस्त वाटतं!"

त्यांनी कुठूनतरी एक संस्था शोधून काढली. ही संस्था बाजारपेठांचे अहवाल काढते. कुठल्या वस्तूचा बाजार केवढा, त्यात कोण कोण आहे, पुढच्या सात वर्षांत कोण किती फुगणार, हे सगळं ती आधीच सांगून टाकते. तिथे नाव नोंदवणं फुकट होतं. फॉर्ममध्ये 'क्षेत्र' अशी यादी होती. त्यात स्वयंपाकघर नव्हतं.

"वापरणारी मुख्य व्यक्ती कोण?" फॉर्मकाकांनी विचारलं.

"आई."

"कामाला कुठे?"

"विमान दुरुस्तीत."

"संपला विषय," असं म्हणून त्यांनी 'हवाई व संरक्षण' यावर टिचकी मारली. मुख्य ग्राहक या रकान्यात लिहिलं, 'विमान दुरुस्ती कारखान्यातील वरिष्ठ अधिकारी'. लष्करी उपयोग या रकान्यापाशी मी घाईघाईनं म्हटलं, "काका, नाही लिहा." त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि लिहिलं, 'सध्या नाही'.

आठवड्यानं एका मुलीचा फोन आला. तिचा आवाज इतका गोड होता की मी उभा राहून बोललो.

"सर, तुमच्या प्रणालीचे वापरकर्ते किती?"

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हणत होतं. "चार," मी म्हणालो.

"आणि गेल्या वर्षी याच सुमारास?"

"एकही नाही."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. मग ती हळूच म्हणाली, "सर, एवढी वाढ आमच्या तक्त्यात मावत नाहीये."

"काहीतरी कमी करून लिहा," मी उदारपणे म्हणालो.

"आणि परदेशात विस्तार?"

मी ताईचं शहर सांगितलं.

अहवाल आला. तो चारशे पानी होता. पूर्ण अहवालाची किंमत पाहून बाबा म्हणाले की एवढ्यात एक छोटं विमान येत असेल. त्यामुळे आम्ही फुकटात दिसणारी तीन पानंच वाचली. पण नशीब बघा, तिसऱ्याच पानावर एक चौकट होती. 'लक्ष ठेवावे असे उदयोन्मुख खेळाडू.' त्यात अकराव्या नंबरला 'जागेवर'. पुढे लिहिलं होतं, 'दोन खंडांत अस्तित्व. संरक्षण क्षेत्रातील प्रवेशाबाबत सूचक मौन.'

सूचक मौन हे शब्द मी दिवसभर तोंडात घोळवत होतो. आजवर माझ्या मौनाला घरात आळस म्हणत असत.

आईनं ते पान तीनदा वाचलं. छापील गोष्टीबद्दल तिला आदर आहे. "बाहेरच्यांनी म्हटलंय खरं," ती म्हणाली. निवृत्तीला बारा दिवस राहिले होते. शनिवारी सकाळी समारंभ ठरला. फॉर्मकाका साक्षीदार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिकडून ताईनं बटण दाबलं. आमच्या चारही फोनवर हिरवी अक्षरं उमटली, 'कात्री: बाहेर. धारक: ताई.' आईनं खिळ्याकडे हात नेला.

आणि माझ्या फोनवर एक पत्र येऊन पडलं.

पत्र नियंत्रण कक्षाचं होतं. संरक्षणाशी संबंधित वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत हे पाहणारा हा कक्ष. त्यांच्याकडे पूर्ण अहवाल होता. चारशे पानी, विकत घेतलेला. मायना सोडून मजकूर असा होता की आपल्या प्रणालीला परदेशस्थ वापरकर्ता असल्याचे निदर्शनास आले आहे, परवानगीशिवाय केलेला असा वापर निर्यात समजला जातो, तरी सदर वापरकर्ता तात्काळ वगळून तसे कळवावे.

"सदर वापरकर्ता म्हणजे मी?" फोनवरून ताई ओरडली.

"हो."

"मी तुझी बहीण आहे!"

"तसा रकाना नाहीये त्यात."

फॉर्मकाका गंभीर झाले. "सरकारी पत्र आहे. आधी वगळ, मग विनंती कर. उलट केलंस तर तीन प्रती लागतील."

मी घाबरट माणूस आहे. मी ताईला वगळलं.

तेवढ्यात भोंगा वाजला.

तो मीच बनवलेला भोंगा होता आणि मीच त्याचा आवाज वाढवून ठेवला होता. चारही फोन एकदम कोकलायला लागले. ताईला वगळलं होतं, पण बातमी तिच्याही फोनवर पोचत होती. तो दोष मला नंतर सापडला. पडद्यावर लाल अक्षरं, 'कात्री: धारक नाही.'

आईचा हात खिळ्यावरून खाली आला. तिचा चेहरा बदलला. तो चेहरा कारखान्यातली माणसं ओळखून आहेत.

"कुणीही बाहेर जायचं नाही," ती म्हणाली.

बाबांनी एका पायात बूट चढवला होता. "अगं, मी फक्त कोपऱ्यापर्यंत..."

"हत्याराला धनी नाही. शोध होईपर्यंत काही हलणार नाही."

"आई," ताई व्हिडिओवर आली, "कात्री माझ्या हातात आहे. ही बघ. नारिंगी मूठ. दिसतेय का?"

"दिसतेय."

"मग?"

"तुझ्या हातात आहे हे मला दिसतंय. नोंदीत दिसत नाही."

मग आम्ही शोध घेतला. नारिंगी मुठीची कात्री हजारो मैलांवर ताईच्या हातात आहे हे पाचही जणांना ठाऊक असताना, आम्ही तिला पलंगाखाली, पिठाच्या डब्यात आणि बाबांच्या नकाशांच्या गुंडाळ्यांत शोधलं. ताई तिकडून सूचना देत होती. "कपाटाच्या वर पाहिलंत का?" असं तिनं विचारलं तेव्हा बाबा जागीच बसले. शोधात दोन रिमोट आणि माझं पदवीचं प्रमाणपत्र सापडलं. फॉर्मकाकांना जेवायला घरी जायचं होतं, त्यांना दुपारी अडीच वाजता खिसे तपासून सोडलं.

सोमवारी मी नियंत्रण कक्षात गेलो. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना सारखी दारं, आणि प्रत्येक दारात 'पुढचं दार' असं सांगणारा एक माणूस. शेवटच्या दारात एक अधिकारी बाई होत्या. अतिशय सभ्य. माणूस सभ्य निघाला की काम होत नाही असा माझा अनुभव आहे.

"प्रणाली कशावर देखरेख ठेवते?" त्यांनी विचारलं.

"सध्या कात्रीवर."

"पात्याची लांबी?"

"मोजली नाही."

"मोजून कळवा. उपयोग?"

"पुडे फोडायला."

"दुहेरी वापर आहे का?"

मी खरं बोलायचं ठरवून आलो होतो. "कधीकधी बाबा मिशा कापतात."

बाईंनी 'होय' लिहिलं. मला नंतर कळलं की दुहेरी वापर म्हणजे घरगुती आणि लष्करी. बाबांच्या मिशा आता कुठल्याशा फायलीत लष्करी साहित्य म्हणून नोंदलेल्या आहेत.

"बहिणीकडून हमीपत्र लागेल," त्या म्हणाल्या, "की ही प्रणाली ती क्षेपणास्त्रांसाठी वापरणार नाही. मग छाननी. साधारण चार महिने."

"आईची निवृत्ती दहा दिवसांवर आलीय हो."

"अरेरे," त्या मनापासून म्हणाल्या.

"मी कंपनीच बंद केली तर?"

"उत्तम. नोंदणी क्रमांक?"

"नोंदणी केलेलीच नाही."

"मग आधी नोंदवा. न नोंदवलेली कंपनी बंद कशी करणार?"

मी गोड आवाजाच्या मुलीला फोन लावला. म्हटलं, मला बाजारपेठेतून बाहेर काढा. ती म्हणाली, "सर, अहवाल छापून गेलाय. पुढच्या वर्षी काढता येईल. मधल्या काळात तुम्हाला एखाद्या मोठ्या कंपनीनं गिळलं तर तशी पुरवणी काढतो आम्ही." मला गिळायला कुणी आलं नाही. फॉर्मकाकांनी तयारी दाखवली होती, पण त्यांना भोंगा नको होता.

इकडे आई रोज कामाहून आली की भिंतीसमोर उभी राहायची. सत्तेचाळीस नंबर तिथेच. एके दिवशी मी चिडून म्हणालो, "आई, एक पितळी चकती आहे गं ती. मी काढतो, तू बघू नकोस."

ती शांतपणे म्हणाली, "मी बघत नसतानाही कुणी नियम मोडला नाही, म्हणून विमानं खाली आली नाहीत. पडू दे ती ओळ. कात्री बाहेर आहे, हे खरं आहे ना? मग राहू दे."

तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, झटकलं, परत तिथेच ठेवलं. बाबा वर्तमानपत्रामागून मला म्हणाले, "दोन वर्षं झाली. कात्री मागवायची असती तर तिनं कधीच मागवली असती." मग पान उलटून म्हणाले, "पण तिला जे मागवायचंय त्याला फॉर्म नाही."

हे मी ताईला सांगितलं. ताई बराच वेळ गप्प होती. तेही सूचक मौनच होतं.

निवृत्तीच्या दिवशी सकाळी साडेसातला दार वाजलं. आई कामावर निघायच्या तयारीत, पिशवीत नऊ बिल्ल्यांसाठी शिवलेली कापडी थैली. दारात ताई. एक बॅग, विस्कटलेले केस आणि डोक्याला निळी क्लिप.

आईनं तिला आपादमस्तक पाहिलं. डोळे भरले, पण प्रश्न जुनाच आला. "कात्री?"

ताईचा चेहरा पडला. "आई, तू ओरडू नकोस हं."

"कात्री कुठाय?"

"विमानतळावर काढून घेतली. हातातल्या पिशवीत होती ना."

"हातातल्या पिशवीत कशाला ठेवलीस?" मी किंचाळलो. "मोठ्या बॅगेत टाकायची!"

"आणि बॅग हरवली असती तर? आईनं घरात घेतलं असतं मला?"

बाबांनी वर्तमानपत्र उघडलं.

"पण मी पावती घेतलीय," ताई घाईनं म्हणाली. "ते म्हणाले, आम्ही कात्रीची पावती देत नाही. मी म्हटलं, मग मी हलत नाही. माझ्यामागे रांग केवढी वाढली! शेवटी त्यांच्या साहेबानं कागद घेतला आणि हातानं लिहून दिली."

आईनं चष्मा लावला. खुर्ची ओढून बसली. पावती दोन्ही बाजूंनी वाचली. आम्ही तिघं उभे.

"नारिंगी मूठ लिहिलंय," ती म्हणाली.

"हो."

"पात्याची लांबी लिहिलीय. वेळ लिहिलीय. सही आहे, खाली नंबरसुद्धा आहे त्याचा." मग चष्मा काढत, "चांगला माणूस दिसतोय."

"आई, पण कात्री गेली गं," ताई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"गेली काय? हत्यार विमानात राहिलं का?"

"नाही."

"विमान उडायच्या आधी बाहेर काढलं, मोजलं, लिहून ठेवलं. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलंय?" आई उठली. "ज्यानं नेलं त्यानं लावायचं आता."

ताईनं डोक्यातली निळी क्लिप काढली, पावती त्या क्लिपेत अडकवली आणि खिळ्यावर टांगली. आईनं सत्तेचाळीस नंबर काढला, पदराला पुसला आणि थैलीत टाकला. त्या संध्याकाळी कारखान्यात दहा बिल्ले मोजून घेतले गेले. मोजणाऱ्यानं एकदाच मोजले. आईनं त्याला पुन्हा मोजायला लावले.

ताई पाच दिवस राहून परत गेली. पुढच्या वर्षीच्या अहवालात 'जागेवर'बद्दल एकच ओळ आली, 'परदेशातील संपूर्ण बाजारपेठ गमावल्याने माघार.' मला नोकरी लागली. आई घरीच असते आणि रोज संध्याकाळी भिंतीसमोर उभी राहून पावतीची तारीख वाचते. म्हणून मी खालील अर्ज केला आहे. फॉर्मकाकांनी तो तपासला असून एकही रकाना रिकामा नाही.

प्रति, मा. सुरक्षा अधिकारी, काढून घेतलेल्या वस्तूंचा विभाग, विमानतळ.

विषय: नारिंगी मुठीच्या कात्रीच्या पावतीची मुदत ठरवून मिळणेबाबत.

महोदय, आपण दिलेली हस्तलिखित पावती आमच्या स्वयंपाकघरात खिळा क्रमांक सहावर सुस्थितीत आहे. कात्री परत मिळावी अशी अर्जदाराची मागणी सध्या नाही. तथापि, सदर पावतीवर मुदत नमूद नसल्याने ती कायम वैध राहण्याचा धोका संभवतो. तरी विनंती की, सदर पावतीची मुदत दरवर्षी संपते असे आपल्या सहीशिक्क्यानिशी जाहीर करावे, आणि नूतनीकरणासाठी मूळ धारकाने, म्हणजे अर्जदाराच्या बहिणीने, वर्षातून किमान पाच दिवस उक्त खिळ्यासमोर जातीने हजर राहणे बंधनकारक करावे. रजा मंजूर करण्याबाबत तिच्या साहेबांना आपल्या स्तरावरून कळवावे.

कळावे. उत्तराच्या प्रतीक्षेत, आपला विश्वासू.